कुलूप कुठल्या दाराला लावायचं? शाळा व्यवस्थापन समित्या आणि वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य, मुख्याध्यापक आणि सार्वजनिक वाचनालयांची कार्यकारी मंडळे

विषय: शाळेत आणि वाचनालयात मुलांच्या सोशल मीडियाच्या वापरावर घालायचे निर्बंध

स. न. वि. वि.

मी एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. नोकरीला १९ वर्षं झाली. गेल्या महिन्यात आमच्या कार्यकारी मंडळाच्या सभेत आयत्या वेळच्या विषयांत एक पत्र वाचलं गेलं. गावातल्या काही शाळांच्या मुख्याध्यापकांनी मिळून ते दिलं होतं. विद्यार्थी अभ्यासाच्या नावाखाली वाचनालयाच्या संगणकांवर सोशल मीडिया पाहतात, सबब १८ वर्षांखालील वाचकांना संगणक कक्षात प्रवेश देऊ नये, अशी त्यात विनंती होती. ठरावाला सूचक मिळाले, अनुमोदकही मिळाले. मी एवढंच म्हटलं की मतदानाआधी मला माझं म्हणणं लेखी मांडू द्या. अध्यक्षांनी पुढच्या सभेपर्यंत मुदत दिली.

ते म्हणणं इथे जाहीरपणे मांडते आहे, कारण शेजारच्या तालुक्यांतल्या ग्रंथपालांशी बोलले तर त्यांच्याकडेही हाच विषय या ना त्या रूपात आलेला. कुठे शाळेने संगणक प्रयोगशाळेचं इंटरनेटच काढून टाकलंय, कुठे वाचनालयाने यूट्यूब बंद केलंय. ह्यासाठी मंत्रालयातून परिपत्रक यावं लागत नाही. तुमच्या सभेत, तुमच्या सहीने हे होतं. म्हणून पत्र तुम्हाला.

मुलांच्या हातातल्या फोनची मला तुमच्याइतकीच काळजी वाटते, हे आधी सांगते. आमच्या बालविभागात सहावीतला एक मुलगा येतो. गोष्टीचं पुस्तक उघडतो, पान-दीड पान वाचतो आणि त्याचा उजवा हात खिशाकडे जातो. खिशात काही नसतं. फोन आईचा, आई घरी. हात खिसा चाचपून परत येतो आणि मुलगा पुन्हा वरच्या ओळीपासून वाचायला लागतो. अर्ध्या तासात असं सात-आठ वेळा होताना मी पाहिलंय. दहा-बारा वर्षांपूर्वी ह्या वयाची मुलं आमच्याकडे सतरंजीवर पालथी पडून वाचायची. वाचनालय बंद करायची वेळ झाली म्हणून हाक मारली तरी त्यांना ऐकू जायची नाही. हे कशाने बदललं ते मला कोणी समजावून सांगायला नको.

म्हणून शाळेच्या वेळेत दप्तरात फोन नसावा, ह्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. तास चालू असताना नको आणि मधल्या सुट्टीतही नको. फ्रान्सने २०१८ साली १५ वर्षांखालच्या मुलांना शाळेत मोबाईल वापरायला कायद्याने मनाई केली. आपल्याकडे बऱ्याच शाळांत ती तोंडी असतेच, ती लेखी करा, पालकांच्या सह्या घ्या. मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

पण वाचनालयातला संगणक म्हणजे खिशातला फोन नव्हे. ह्या दोन गोष्टी एकाच ठरावात बांधल्या जात आहेत, तिथे माझी हरकत आहे.

आमच्या संगणक कक्षात दोन संगणक आहेत. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, प्रत्येकाला अर्धा तास. नोंदवहीत नाव, इयत्ता, वेळ आणि सही. त्या सभेनंतर ती नोंदवही मी घरी नेली आणि तीन रात्री बसून वाचली. नक्की कोण येतं ते मला बघायचं होतं. ज्या मुलांकडे स्वतःचा फोन आहे, त्यांच्यातलं जवळपास कोणी येत नाही. त्यांना येण्याचं कारणच नाही. एसटी स्टँडच्या मागच्या पारावर बसून त्यांचं सगळं चालतं. येतात ती वाडी-वस्तीवरची मुलं, ज्यांची परतीची एसटी पावणेआठची आहे. आणि येतात मुली. मुलग्यांपेक्षा मुलींची नावं कितीतरी जास्त आहेत. घरात फोन एकच, तो वडिलांबरोबर रानात नाहीतर भावाच्या हातात.

हे आमच्याच गावाचं नाही. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना फोनबद्दल विचारलं होतं. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के निघाले, मुली २७ टक्के. ठराव मंजूर झाला तर पारावरच्या मुलांच्या वेळातलं एक मिनिटही कमी होणार नाही. अर्ध्या तासाची पाळी जाईल ती ह्या मुलींची.

ह्या अर्ध्या तासात त्या काय करतात? एक मुलगी आता नववीत आहे. गेल्या वर्षी आठवीत असताना ती एनएमएमएस शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी करत होती. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. तिच्या घरासाठी ही रक्कम लहान नाही. बुद्धिमत्ता चाचणीची उदाहरणं सोडवून दाखवणारे शिक्षकांचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. ती एक उदाहरण बघायची, व्हिडिओ थांबवायची, पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने स्वतः करून बघायची, मग पुढचं लावायची. शेजारून जाणाऱ्या एका गृहस्थांनी माझ्याकडे तक्रार केली, “मॅडम, ती मुलगी यूट्यूब बघत बसलीय.” बघतच होती. ‘सोशल मीडिया बंद’ असं एका ओळीत लिहिणं सोपं आहे, पण त्या ओळीत काय काय येतं हे सही करण्याआधी ठरवावं लागेल. आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमागेही व्हिडिओच आहेत.

तीन वर्षांपूर्वी मीही घाबरले होते. तेव्हा दोन्ही संगणकांवर फुकट मिळणारा एक फिल्टर बसवून घेतला. पहिल्याच आठवड्यात यूट्यूब गेलं. मग ब्लॉगची सगळी पानं गेली. त्यात आपल्याच शिक्षकांनी वर्षानुवर्षं मेहनत घेऊन मराठीत तयार केलेलं अभ्यासाचं साहित्य होतं. एक दिवस एक आशाताई संगणकावर बसल्या. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेला स्तनाच्या कर्करोगाचा इंग्रजी शब्द त्यांनी एकेक अक्षर बघून टाइप केला. पडद्यावर लाल पाटी आली, हा मजकूर अश्लील असल्याने दाखवता येत नाही. त्या मला काही न बोलता उठून गेल्या. मी नंतर जाऊन पडदा पाहिला तेव्हा मला कळलं. त्यांना गाठून माफी मागेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

आणि त्याच वेळी मराठीतलं, किंवा रोमन अक्षरांत लिहिलेलं मराठीतलं, नको ते सगळं बिनबोभाट उघडत होतं. फिल्टरला इंग्रजी शब्द कळत होते, आपली भाषा कळत नव्हती. दहावीतल्या एका मुलाने आठ दिवसांत दुसऱ्या वेबसाइटच्या आडून बंद पानं उघडायची वाट शोधली आणि चार मित्रांना शिकवली. थोडक्यात, ज्याला चुकवायचा होता त्याने तो फिल्टर चुकवला. अडली ती अभ्यासाला येणारी मुलं आणि आशाताई.

शेवटी एका रविवारी मी आणि आमच्या शिपाईमामांनी दोन्ही टेबलं फिरवली. आधी पडदे भिंतीकडे होते, आता ते देवघेवीच्या काउंटरकडे आहेत. पुस्तक बदलायला येणारा प्रत्येक वर्गणीदार त्या पडद्यांसमोरून जातो. फिल्टर मी काढून टाकला. तेव्हापासून फिल्टरने जे झालं नव्हतं ते झालं. मुलं कधीच रील लावत नाहीत असं मी म्हणणार नाही. लावतात. मी काउंटरवरून हाक मारते, “झालं का गं काम?” आणि ते बंद होतं. १३ वर्षांखालच्या मुलाला आमच्या संगणकावर मी सोशल मीडियाचं खातं उघडू देत नाही. इन्स्टाग्राम, फेसबुकचा स्वतःचा नियमही तोच आहे. तेवढी मर्यादा मला योग्य वाटते आणि ती पाळून घेणं मला जमतं.

आता ज्या प्रसंगामुळे मी मुदत मागितली, तो सांगते. मुलीचं नाव, इयत्ता, साल काही सांगणार नाही. तिच्याकडून परवानगी घेऊन जेवढं सांगता येतं तेवढंच.

ती संध्याकाळी आली, वहीत सही केली आणि अर्धा तास संगणकासमोर नुसती बसून राहिली. दोनदा काहीतरी टाइप केलं, दोनदा पुसलं. वेळ संपली तरी गेली नाही. बाकीचे गेल्यावर काउंटरपाशी आली आणि पुस्तकांच्या कपाटाकडे बघत म्हणाली, “मॅडम, आपल्या नावाने दुसऱ्या कोणी खातं काढलं असेल तर ते बंद करता येतं का?”

तिच्या नावाने आणि फोटोने कोणीतरी इन्स्टाग्रामवर खातं उघडलं होतं. वर्गातल्या मुलांना त्यावरून मेसेज जात होते. तिच्याकडे फोन नाही, तिचं कुठेही खातं नाही. मैत्रिणीच्या दादाच्या फोनवर तिने ते पाहिलं होतं. फोटो स्नेहसंमेलनातला, कोळी नृत्याच्या वेशातला. शाळेने तो आपल्या फेसबुक पानावर टाकला होता, खाली तिचं पूर्ण नाव आणि इयत्ता. तिथून तो कोणीही उचलू शकत होतं.

“घरी सांगितलंस?”

“नको मॅडम. घरी कळलं तर शाळाच बंद करतील.”

“सरांना?”

“सर म्हणतील, तुझ्याकडे मोबाईल आला कुठून.”

ह्या दोन उत्तरांवर मी आजही अडकून आहे. ह्या मुलीने काहीही केलेलं नव्हतं. फोन तिला कधी मिळालाच नव्हता. तरी शिक्षा आपल्यालाच होणार हे तिने गृहीत धरलं होतं, कारण तिने आजवर तेच पाहिलं होतं. फोनशी संबंधित काहीही झालं की मुलीच्या बाबतीत काहीतरी बंद होतं.

आम्ही दोघी त्या संगणकावर बसलो. स्वतःचं खातं नसलं तरी अशी तक्रार करता येते, ओळखपत्राचा फोटो जोडावा लागतो, हे मलाही त्या दिवशी कळलं. सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे. तिथे नाव न देताही तक्रार करता येते. तेही भरलं. मग तिला विचारून मी तिच्या आईकडे गेले. आईला पहिलं वाक्य हे सांगितलं की ह्यात तुमच्या मुलीची काडीचीही चूक नाही. चहा झाला, आई थोडी रडली, मग म्हणाली, “ह्यांना मी सांगते.” चौथ्या दिवशी ते खातं गेलं. शाळेच्या पानावरचा फोटो निघायला मात्र आईला दोनदा जावं लागलं.

ती माझ्याकडे का आली? मी कोणी फार मोठी समजूतदार बाई आहे म्हणून नाही. घराबाहेर, शाळेबाहेर तिला एक पडदा उपलब्ध होता आणि त्या पडद्याशेजारी एक मोठं माणूस होतं, म्हणून. त्या खोलीच्या दारावर ‘१८ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही’ अशी पाटी असती, तर ती पारावरच्या कुठल्यातरी ‘दादा’कडे गेली असती आणि त्याने मदतीच्या बदल्यात काय मागितलं असतं ह्याचा विचार तुम्हीच करा.

‘असर’च्या त्याच पाहणीत आणखी काही आकडे आहेत. फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. हा आकडा सभेत वाचून दाखवला गेला, बरोबरच आहे. पण त्याच्याच पुढचा कोणी वाचला नाही. एखाद्याला ब्लॉक कसं करायचं किंवा त्याची तक्रार कशी करायची, हे सोशल मीडिया वापरणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांना माहीत होतं. प्रोफाइल प्रायव्हेट कशी करायची, हे ५५ टक्क्यांना. म्हणजे दर दहांत चार मुलं अशी, की त्रास द्यायला कोणी दारात उभा राहिला तर दार लावायचं कसं हे त्यांना येत नाही. विहिरीत पोहायला जाणाऱ्या मुलाला आपण आधी कमरेला सुका भोपळा बांधून पोहायला शिकवायचो. विहीर बुजवत नव्हतो आणि ढकलूनही देत नव्हतो.

मुख्याध्यापकांना आणि शिक्षकांना एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे, राग मानू नका. मुलांना फोनपासून दूर ठेवा असं आपण पालक सभेत सांगतो आणि त्याच रात्री नऊ वाजता व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गृहपाठ टाकतो. करोनात शाळा बंद होत्या तेव्हा दुसरा इलाज नव्हता. शाळा उघडल्या, पण ती सवय गेली नाही. आता मूल आईकडे फोन मागतं ते गृहपाठ बघायला, आणि आई नाही म्हणू शकत नाही. गृहपाठ दोन मिनिटांत बघून होतो, फोन दीड तास परत येत नाही. पहिला फोन मुलाच्या हातात किती घरांत आपणच दिलाय?

दुसरं, फोटो. स्नेहसंमेलन, वृक्षारोपण, पोषण आहार, चित्रकला स्पर्धा, प्रत्येक गोष्टीचा फोटो शाळेच्या पानावर, नावासकट, कधी गुणांसकट. आपल्या कौतुकापोटी होतं हे मला कळतं. पण १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती हाताळायची तर पालकाची खात्रीशीर संमती हवी, असं २०२३ चा आपला वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो. त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कायद्यातलं कलम शाळेला कुठवर लागू होतं ते वकील सांगतील. त्या मुलीच्या आईला कोणी विचारलं नव्हतं, एवढं मला माहीत आहे.

वाचनालयाचं दार बंद करण्याचा विचार नवा नाही. २००६ साली अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने एक विधेयक ४१० विरुद्ध १५ मतांनी मंजूर केलं होतं. इंटरनेटसाठी सरकारी सवलत घेणाऱ्या शाळा आणि वाचनालयांनी मुलांसाठी सोशल नेटवर्किंग आणि गप्पांच्या साइट्स बंद कराव्यात, असं ते विधेयक होतं. तिथल्या ग्रंथपालांच्या संघटनेने विरोध केला. ज्यांच्या घरी संगणक नाही त्याच मुलांचं ह्यात नुकसान होईल, हा त्यांचा एक मुद्दा होता. सेनेटमध्ये विधेयक पुढे सरकलं नाही. २००७ मध्ये आयफोन आला आणि पुढे काही वर्षांत सगळं मुलांच्या खिशात गेलं. वाचनालयाला लावलेलं कुलूप कोणाला अडवणार होतं? मला त्या ४१० जणांच्या हेतूबद्दल शंका नाही. त्यांनाही मुलांची काळजीच होती.

आपलाही अनुभव आहे. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं. कारण वेगळं होतं, देशाच्या सुरक्षेचं. पण मुलांचं काय झालं ते आपण पाहिलं. जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील आणली, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स आणले. आमच्या गल्लीत नाचणारी मुलं एक आठवडा थांबली असतील, फार तर दोन.

मग काहीच करू नये का? करावं. सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव आमच्यापासून फार लांब नाही. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास सगळ्या गावाचे टीव्ही आणि मोबाईल बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा. मुलं त्या वेळात अभ्यासाला बसतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने वेगळा ठराव केला, १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंद, वापरला तर २०० रुपये दंड. दोन्ही गावांची तळमळ सारखीच आहे आणि दोघांबद्दल मला आदर आहे. पण माझं मन भोंग्याकडे जातं. भोंगा वाजला की आईची मालिका थांबते, वडिलांचा फोन खाली ठेवला जातो, मग मुलाला ‘अभ्यास कर’ म्हणायला तोंड राहतं. दंड फक्त मुलाच्या नावावर पडतो.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण सभेत दोघांनी दिलं. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाचं खातं ठेवता येत नाही. ही बंदी चालेल की नाही, ते काही वर्षांनी कळेल. पण ती नीट वाचा. दंड आहे तो कंपन्यांना, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलाला नाही, आईबापांना नाही. आणि यूट्यूबचं खातं उघडता येत नसलं तरी लॉग-इन न करता व्हिडिओ पाहायला मनाई नाही. म्हणजे आमची एनएमएमएसवाली मुलगी मेलबर्नला असती तरी तिची उदाहरणं तिला बघता आली असती. एक रील संपायच्या आत दुसरी पुढे सरकवणारं यंत्र ज्याने बनवलं, कुलूप त्याच्या दाराला लावायची ती खटपट आहे. आपल्या सरकारने तसं काही करायचं ठरवलं तर मी रस्त्यावर उतरून पाठिंबा देईन. आपल्या ठरावाने मात्र त्या यंत्राचं काहीच बिघडत नाही.

दिल्ली उच्च न्यायालयापुढे २०२५ च्या सुरुवातीला शाळेतल्या स्मार्टफोनचा विषय आला होता. सरसकट बंदी योग्यही नाही आणि चालणारीही नाही, असं न्यायालयाने म्हटलं आणि शाळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. शाळेत फोन जमा करून ठेवायची सोय करा, वर्गात वापर नको, आणि मुलांना फोन जबाबदारीने वापरायला शिकवा, असा त्यांचा रोख आहे. मुख्याध्यापकांनी आपल्या पत्राला ती तत्त्वं जोडायला हवी होती.

तेव्हा माझी मागणी अशी. शाळेच्या वेळेतली फोनबंदी ठेवा, कडक ठेवा. गृहपाठ फळ्यावर लिहा आणि वहीत उतरवून घ्या, ग्रुपवर फक्त पालकांसाठी सूचना जाऊ देत, त्याही संध्याकाळी सहाच्या आत. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय टाकू नका, आणि टाकलेच तर खाली नाव नको. महिन्यातून एक तास संगणक प्रयोगशाळेत मुलांना ब्लॉक करणं, तक्रार करणं, खातं प्रायव्हेट ठेवणं, पासवर्ड बदलणं हाताने करून शिकवा. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा फोन नंबर त्यांना पाठ असू द्या. शिक्षकांना वेळ नसेल तर मी येते, मानधन नको. सुरुवात आठवीच्या मुलींपासून करूया.

आणि वाचनालयाच्या मंडळांना विनंती, वयाची पाटी लावू नका. टेबलं फिरवा, नोंदवही ठेवा, वेळेची मर्यादा घाला, काउंटरवर माणूस बसवा. संगणक कक्षात कर्मचारी नसतो ही अडचण खरी आहे. बऱ्याच लहान वाचनालयांत ग्रंथपाल, लिपिक आणि झाडू मारणारा माणूस एकच असतो, हे मला माहीत आहे. तिथे संध्याकाळचे दोन तास एखाद्या निवृत्त शिक्षकाला बसवता येईल. आमच्याकडे दोघांनी तयारी दाखवली आहे.

आमची सभा पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आहे. पत्र देणाऱ्या सर्व मुख्याध्यापकांना आणि आमच्या सभासदांना माझं निमंत्रण आहे, त्याआधी कुठल्याही दिवशी साडेपाचला या आणि अर्धा तास काउंटरपाशी बसा. दोन खुर्च्या जास्तीच्या मांडून ठेवल्या आहेत. नोंदवहीही काउंटरवरच आहे.

कळावे,
आपली,
एका तालुका वाचनालयाची ग्रंथपाल